हाताशी आलेले मुलगे

मुलगा मोठा झाला हे सांगावयाचे असले म्हणजे आपल्याकडे 'मुलगा हाताशी आला' असे म्हणतात. त्याला मिसरूड फुटली की नाही, तो किती शिकला, ह्याचा त्या शब्दांत काही उल्लेख नाही. बापाच्या कामाला मुलाचा हात लागू लागला, घरात दुसरा पगार येऊ लागला, आईबापांचा अर्धा घोर गेला, एवढेच त्यात सांगितलेले असते. कारखान्यांच्या शहरांत तर पहिला पगार आईच्या हातावर ठेवण्याचा दिवस हाच मुलाचा मोठा होण्याचा दिवस. समाज पालटला की मोठे होण्याचे संस्कार पालटतात. परंतु कोणता तरी एक संस्कार असावाच लागतो. तो अजिबात नाहीसा झाला तर त्या वयाच्या मुलांचे काय होते, हा प्रश्न ज्या बोलपटांनी विचारला त्यांच्याविषयी आज आम्हांला बोलावयाचे आहे. हे बोलपट अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीचे आहेत, आणि त्यांतले मुख्य १९९१ ते १९९३ ह्या अवघ्या तीन वर्षांत निघाले.

इतिहासाच्या व्याख्यानात बोलपट कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. बोलपट हा काही दस्तऐवज नव्हे. तो पैशासाठी काढलेला असतो आणि प्रेक्षकांना खुर्चीत बसवून ठेवणे हे त्याचे पहिले काम. तथापि ज्या वस्तीबद्दल सरकारदरबारी फक्त गुन्ह्यांच्या नोंदी राहतात, तिथल्या एखाद्या मुलाने मोठेपणी हाती कॅमेरा घेतला आणि आपली गल्ली दाखवली, तर ती साक्ष इतिहासाच्या अभ्यासकाने तपासून का होईना, घ्यावीच लागते.

अशा मुलांचे बोलपट अमेरिकेत जुनेच आहेत. सिडनी किंग्स्ली ह्यांचे 'डेड एंड' हे नाटक १९३५ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि १९३७ साली विल्यम वायलर ह्यांनी त्यावर बोलपट काढला. ईस्ट नदीच्या काठी एका बाजूला श्रीमंतांची उंच इमारत, तिला लागूनच मोडकळीला आलेल्या चाळी, आणि मधल्या धक्क्यावर दिवसभर हुंदडणारी पोरे. त्यांच्यापुढे दोन नमुने आहेत. त्याच गल्लीत वाढून कुख्यात झालेला गुंड मार्टिन हा एक. ती भूमिका हंफ्री बोगार्टने केली होती. दुसरा, त्याच गल्लीत वाढून शिकलेला पण बेकार असलेला वास्तुशिल्पी डेव्ह. पुढच्याच वर्षी आलेल्या 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' मध्ये हीच पोरे आहेत. नमुने मात्र आता गुंड आणि धर्मगुरू असे झाले आहेत. पोरांनी आपल्याला वीर मानू नये म्हणून तो गुंड मरतेवेळी भ्याडपणाचे सोंग आणतो. जेम्स कॅग्नीचे ते शेवटचे आक्रंदन सोंग होते की खरे, ह्यावर अजून वाद चालतो.

ह्या बोलपटांची सहानुभूती खरी होती. पोरे वाईट नाहीत, त्यांची परिस्थिती वाईट आहे, असे ते म्हणत, आणि बकाल वस्त्या पाडून सरकारने घरे बांधावी असा कायदाही त्याच १९३७ साली अमेरिकेत झाला. पण न्यूयॉर्कची ती गल्ली हॉलिवुडच्या कलागृहात लाकूड-प्लास्टरने उभारलेली होती. तिच्याकडे पाहणारा डोळा बाहेरच्या सज्जनाचा होता. आणि त्या पोरांचे पुढे काय झाले? 'डेड एंड' मधल्या नटांपैकी काहींना घेऊन विनोदी बोलपटांची माळच सुरू झाली, ती नावे बदलत १९५८ पर्यंत चालली. तोवर त्यांतले काही चाळिशीच्या उंबरठ्यावर आले होते आणि तरी पडद्यावर 'पोरे' च होते. मोठे होण्याविषयीच्या बोलपटांतली ही मुले मोठी झालीच नाहीत, ह्याला काय म्हणावे!

आता लॉस एंजेलिसकडे वळू. ह्या शहराची वस्ती पाहिली तर प्रथमदर्शनी ती गरीब वाटतच नाही. चाळी नाहीत, पाच मजल्यांचे जिने नाहीत. एकमजली सुटी घरे, पुढे हिरवळीचा तुकडा, रस्त्याच्या कडेला ताडाची झाडे. ह्या घरांच्या रांगेतून ती भीती कोठून आली, हे समजण्यासाठी बोलपटाच्या आधीची चाळीस-पन्नास वर्षे पाहिली पाहिजेत.

दुसऱ्या महायुद्धात तेथे विमानांचे आणि जहाजांचे कारखाने रात्रंदिवस चालू झाले. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेद करू नये असा हुकूम राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी १९४१ साली काढला, आणि टेक्सास, लुइझियाना अशा दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे आगगाडीने येऊ लागली. १९४० साली शहरात त्यांची संख्या सुमारे ६४ हजार होती. १९५० साली ती १ लाख ७१ हजारांवर गेली. ही सारी माणसे राहावयाची कोठे? शहरातल्या असंख्य घरांच्या खरेदीखतांत अशी अट घातलेली असे, की हे घर गोऱ्या माणसाखेरीज कोणास विकू किंवा भाड्याने देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली ही अट न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाही असे ठरवले. पण कागदावरची अट गेली तरी पतपेढ्यांच्या मनातली गेली नाही. १९३० नंतरच्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे जे नकाशे केले होते त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगाने दाखवलेल्या होत्या, म्हणजे येथे कर्ज देणे धोक्याचे. घरविक्रीत भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाने १९६३ साली केला. तेव्हा १९६४ च्या नोव्हेंबरात राज्यातल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने तो रद्द करून टाकला. न्यायालयांनी पुढे त्या कौलालाच घटनाबाह्य ठरवले, पण तोपर्यंत १९६५ चा ऑगस्ट येऊन गेला होता. वॉट्स भागात एका तरुण मोटारवाल्याला पोलिसांनी अडवण्यावरून जो वणवा पेटला त्यात सहा दिवसांत ३४ माणसे मेली.

एवढे असूनही एक गोष्ट होती. वस्तीच्या पूर्वेला अलमेडा रस्ता ओलांडला की साउथ गेट हे गोऱ्या कामगारांचे गाव लागे. तेथे कृष्णवर्णीयाला घर मिळत नसे. पण फायरस्टोनचा टायरचा कारखाना आणि जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना तेथेच होता, आणि युद्धानंतरच्या वर्षांत त्यांच्या दारातून कृष्णवर्णीय कामगारही आत जाऊ लागले. काम जड होते, अपमानही होता. पण संघटना होती, पगार ठरलेला होता. त्या पगारावर घरतारण फेडता येई. बाप कामावर असला की त्याच्या ओळखीने मुलगा लागे. फायरस्टोनचा कारखाना १९८० साली बंद पडला. जनरल मोटर्सचा १९८२ साली. ह्या दोन वर्षांत त्या वस्तीतले नुसते रोजगार गेले असे म्हणणे अपुरे आहे. बापाने मुलाला देण्याची जी एक गोष्ट होती ती गेली. १९८२ च्याच १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि पुढे गिरणगावातल्या घरांत काय झाले ते जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात आणि त्यावरून निघालेल्या 'लालबाग परळ' बोलपटात ज्यांनी पाहिले आहे त्यांना आम्ही अधिक सांगावयास नको. कारणे वेगळी, समुद्र वेगळा. परंतु बंद दारासमोर उभा असलेला मुलगा ओळखीचा वाटतो.

दार बंद होण्याच्या आधीची शेवटची पिढी एका बोलपटात टिपलेली आहे. वॉट्समध्येच वाढलेले चार्ल्स बर्नेट विद्यापीठात शिकत असताना त्यांनी सुटीच्या दिवशी, शेजारीपाजाऱ्यांना घेऊन, दहा हजार डॉलरांहूनही कमी खर्चात 'किलर ऑफ शीप' हा बोलपट केला. तो १९७७ साली पुरा झाला. पण त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नसल्यामुळे चित्रगृहांत रीतसर लागावयाला २००७ साल उजाडले. त्यातला स्टॅन खाटीकखान्यात काम करतो. थकलेला असतो, झोप येत नाही, पण आपल्याला कोणी गरीब म्हटलेले त्याला खपत नाही. बाहेर पोरे मोकळ्या मैदानात दगडफेक करतात, एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारतात. कॅमेरा खालून त्या उड्या पाहतो. बापाला काम आहे आणि पोरे अजून पोरेच आहेत. आमच्या मते ह्या साऱ्या मालिकेतला कलादृष्ट्या सर्वांत सुंदर बोलपट हाच. पण लोकांपर्यंत पोहोचला तो दुसराच.

तो दुसरा म्हणजे 'बॉइझ एन द हूड'. 'हूड' म्हणजे वस्ती, आणि नाव घेतले होते ते आइस क्यूब ह्या त्याच भागातल्या तरुणाने लिहिलेल्या गाण्यावरून. बोलपटात डोबॉयची भूमिका त्यानेच केली. दिग्दर्शक जॉन सिंगलटन ह्याचा जन्म १९६८ चा. आईबाप वेगळे झालेले, मुलगा दोन घरांत वाढलेला. तो ज्या विद्यापीठात पटकथालेखन शिकला ते ह्या वस्तीच्या काठावरच आहे. कुंपणाच्या आत जगातली एक नामांकित चित्रपटशाळा आणि बाहेर ती गल्ली. पटकथा कोलंबिया कंपनीने घेतली, तेव्हा दिग्दर्शन मीच करणार हा हट्ट त्याने धरला. तेवीस वर्षांच्या पोराला साठ लाख डॉलर देणे हे कंपनीच्या दृष्टीने धाडसच होते. तिला त्याचे जवळजवळ दसपट मिळाले.

बोलपट उघडतो तो काळ्या पडद्यावरच्या अक्षरांनी: अमेरिकेतल्या दर एकवीस कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाचा खून होतो, आणि बहुतेकदा दुसऱ्या कृष्णवर्णीयाच्या हातून. मग 'थांबा' अशी तांबडी पाटी, आणि तिच्यावरून दूर आकाशात जाणारे विमान. १९८४ साल. दहा वर्षांचा ट्रे शाळेत मारामारी करतो, म्हणून त्याची आई त्याला बापाकडे आणून सोडते. बाप फ्यूरियस हा स्वतःच सतराव्या वर्षी बाप झालेला, व्हिएतनामच्या लढाईवर जाऊन आलेला. तो मुलाला पहिल्याच दिवशी अंगणातला पालापाचोळा झाडावयास लावतो. त्याच रात्री घरात चोर शिरतो. बाप गोळी झाडतो, पोलीस तासाभराने येतात. दुसऱ्या दिवशी मित्र ट्रेला विचारतात, प्रेत पाहावयाचे का? १९८६ च्या 'स्टँड बाय मी' ह्या बोलपटात गोरी मुले प्रेत पाहावयास दोन दिवसांची पायपीट करतात. सिंगलटनने तो प्रसंग जाणून उचलला आहे, आणि फरक एवढाच केला आहे की ह्या मुलांना लांब जावे लागत नाही.

सात वर्षांनंतर तीच मुले सतरा-अठरा वर्षांची, म्हणजे हाताशी येण्याच्या वयाची झालेली दिसतात. आता त्यांच्यापुढे कोणती दारे आहेत ती मोजून पाहावी. ट्रे तयार कपड्यांच्या दुकानात विक्रेता आहे आणि त्याला कॉलेजात जावयाचे आहे. डोबॉयचा भाऊ रिकी फुटबॉल खेळतो. विद्यापीठाचा माणूस घरी येऊन गेला आहे, पण प्रवेशपरीक्षेत ७०० गुण हवेत. ते न मिळाले तर सैन्यभरतीची जाहिरात दूरचित्रवाणीवर लागलेलीच असते. रिकीला एक तान्हा मुलगाही आहे. डोबॉय नुकताच तुरुंगातून सुटून आला आहे आणि त्याच्या सुटकेचीच मेजवानी चालली आहे. कॉलेज, खेळ, सैन्य, तुरुंग. कारखान्याचे नावसुद्धा कोणाच्या तोंडी नाही. ही अनुपस्थिती बोलपटातले कोणी बोलून दाखवत नाही. आम्हांला ती बोलपटातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. कारखाना बंद होऊन दहा वर्षे झालेली आहेत, एवढ्यात तेथल्या मुलांना त्याची आठवणही उरलेली नाही.

काम नाही तेथे मोठेपणाचे दुसरे प्रमाण तयार होते. रस्त्यात कोणी धक्का दिला तर कोण मागे हटतो, कोणाच्या कमरेला पिस्तूल आहे, ह्यावर माणूस ठरतो. धक्का लागण्याच्या अशाच एका क्षुल्लक भांडणातून रिकी मारला जातो, घराजवळच्या बोळात, भर दिवसा. भाऊ आणि मित्र त्याचे प्रेत उचलून घरी आणतात. त्यानंतर आई पाकीट उघडते: ७१० गुण. दहा गुण जास्त पडलेले आहेत. हा प्रसंग बेतलेला आहे हे आम्हांला कळते, आणि तरी तो चुकवता येत नाही. ट्रे बापाचे पिस्तूल घेतो, बाप ते काढून घेतो. ट्रे खिडकीतून निसटून मित्रांच्या मोटारीत बसतो, आणि वाटेत मला उतरवा असे म्हणतो. ते त्याला उतरवतात. एका मोटारीतून उतरणे, एवढेच त्याचे मोठे होणे.

आता आमचा आक्षेप. ट्रे वाचला कारण त्याला बाप होता, डोबॉय आणि रिकी बुडाले कारण त्यांना नव्हता, असे हा बोलपट सरळ सुचवतो. वस्तीतल्या आया त्यात रागीट, व्यसनी किंवा एका मुलावर माया करणाऱ्या आणि दुसऱ्याला शिव्या देणाऱ्या आहेत. वास्तविक जिथे पुरुष बेकार, तुरुंगात किंवा मृत, तिथे घरे कोणी चालवली? सिंगलटनला ह्याची बोच असावी. कारण ट्रेच्या आईच्या तोंडी त्याने एक प्रसंग दिला आहे, त्यात ती फ्यूरियसला सुनावते, की तू जे केलेस ते आया जन्मभर करत आल्या आहेत, त्याचा एवढा डांगोरा नको. पण हा एक प्रसंग पुरे पडत नाही. शिवाय फ्यूरियस हा घरतारणाच्या कर्जाचा दलाल आहे, स्वतःच्या कचेरीचा मालक. सिंगलटनचा बापही त्याच व्यवसायात होता. म्हणजे वाचवणारा बाप हा कारखाना बुडाल्यावरही ज्याच्याजवळ मुलाला देण्यासारखे काही उरले होते, असा विरळा बाप आहे. तो मुलांना काँप्टन गावी नेऊन जमिनी विकत घेण्याची जाहिरात दाखवतो आणि विचारतो, की आपल्याच वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर दारूचे आणि बंदुकांचे दुकान का? खरेदीखते आणि तांबडे नकाशे ह्यांचा इतिहास बोलपटात एवढ्या दोन मिनिटांत येऊन जातो. त्याचे निदान 'बाप हवा' ह्या उपायापेक्षा कितीतरी खोल आहे.

दोन वर्षांनी, १९९३ साली, हे बंधूंनी केलेला 'मेनेस टू सोसायटी' आला. हे, म्हणजे ह्यूज बंधू, जुळे, वय एकवीस. त्यांना बापाचा उपाय मान्य नव्हता. त्यांचा केन आजीआजोबांकडे वाढतो. बाप मादक द्रव्ये विकता विकता मारला गेलेला. बोलपटाच्या आरंभीच केनचा मित्र ओ-डॉग दुकानदार नवराबायकोला ठार करतो आणि दुकानातल्या पहारा-कॅमेऱ्याची फीत बरोबर घेऊन जातो. मग तो ती मित्रांना पुन्हा पुन्हा दाखवतो. 'डेड एंड' मधली पोरे गुंडाला पाहावयास धावत. इथे मुलगा आपलेच चित्र पाहत बसला आहे. खुनाच्या प्रसंगानंतर लगेच १९६५ च्या वॉट्सच्या जाळपोळीची खरी चित्रे येतात. आजोबा केनला विचारतात, तू जगलास काय किंवा मेलास काय, ह्याचे तुला काही वाटते का? केन म्हणतो, मला माहीत नाही. शेवटी तो वस्ती सोडून जावयास सामान भरतो आणि त्याच अंगणात गोळ्या लागून पडतो. बोलपट निर्दय आहे, कित्येकदा निर्दयतेत रमणाराही आहे. पण खोटा दिलासा देत नाही. १९९२ साली ह्या एका शहरात १,०९२ खून नोंदले गेले, हे ध्यानात ठेवून तो पाहावा.

ह्या बोलपटांनीच मुले बिघडतात अशीही ओरड झाली. 'बॉइझ एन द हूड' १२ जुलै १९९१ रोजी लागला, त्या रात्री काही शहरांत चित्रगृहांच्या आसपास गोळीबार झाले, शिकागोजवळ एक माणूस मेला, आणि कित्येक मालकांनी बोलपट उतरवला. ज्याचा शेवट शांतता वाढवा अशा अक्षरांनी होतो त्याची ही गत! पुढे १९९२ च्या मार्चमध्ये ऑस्करच्या समारंभात सिंगलटन उत्कृष्ट दिग्दर्शकाच्या उमेदवारांत बसला होता. त्या मानासाठी नाव पुढे आलेला तो पहिला कृष्णवर्णीय, आणि तोवरचा सर्वांत तरुण उमेदवार, चोवीस वर्षांचा. पारितोषिक मिळाले नाही. बरोबर महिन्याने, २९ एप्रिलला, रॉडनी किंग ह्या मोटारवाल्याला मारहाण करणाऱ्या पोलिसांना निर्दोष सोडल्याचा निकाल आला आणि ती वस्ती पुन्हा पेटली. पन्नासांहून अधिक माणसे मेली, सुमारे शंभर कोटी डॉलरांची मालमत्ता गेली.

'बॉइझ एन द हूड' च्या शेवटच्या सकाळी डोबॉय रस्ता ओलांडून ट्रेच्या पायरीवर येऊन बसतो. भावाचा सूड त्याने रात्रीच घेतला आहे. तो सांगतो, की सकाळी दूरचित्रवाणी लावली तर कोणत्या तरी परक्या देशातली हाणामारी दाखवत होते. माझ्या भावाविषयी चकार शब्द नव्हता. आपल्या वस्तीत काय चालले आहे ते त्यांना ठाऊक नाही, दाखवावयाचे नाही, किंवा त्याची फिकीर नाही. मग तो उठून आपल्या घराकडे चालू लागतो, आणि चालता चालता पडद्यावरून विरून जातो. रिकीचे दफन त्याने दुसऱ्या दिवशी पाहिले आणि दोन आठवड्यांनी त्याचाही खून झाला, असे खाली लिहून येते.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात मात्र त्या वस्तीची चित्रे दूरचित्रवाणीवर रात्रंदिवस दिसत होती. ती बरीचशी हेलिकॉप्टरमधून घेतलेली होती. २००३ साली नगरपरिषदेने त्या भागाचे 'साउथ सेंट्रल' हे नाव सरकारी कागदपत्रांतून काढून 'साउथ लॉस एंजेलिस' असे केले. जुन्या नावाला डाग लागला आहे, असे कारण होते.